आप्पांचा उपास

कुठलीही गोष्ट नीट आखली की ती नीटच पार पडते, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. दमणहून सिल्वासाला बदली झाली, अख्खा संसार टेम्पोत घालून आणला, पण एक कपसुद्धा फुटला नाही. सुलभाचं म्हणणं असं की कप तिने तिच्या साड्यांमध्ये गुंडाळले होते. असतील. पण आखणी माझी होती.

म्हणूनच आमच्या तुषारला कंपनीने ट्रेनिंगसाठी चेन्नईला धाडलं आणि तो आप्पांचं कसं होणार म्हणून तोंड पाडून बसला, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "तू निर्धास्त जा. आप्पांची जबाबदारी माझी."

आप्पा कोण ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा या नावाने झाला. आप्पा हा एक सरडा आहे. कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे. हा मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, हातभर लांब, वाळलेल्या आल्याच्या रंगाचा, आणि हनुवटीखाली काटेरी दाढी असलेला. रागावला की दाढी फुगवतो आणि ती काळीकुट्ट होते. माझे सासरे रागावले की हनुवटीखाली अगदी असेच फुगायचे, आणि त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. तुषारने आजोबांच्या आठवणीने सरड्याला तेच नाव ठेवलं. सुलभा काही दिवस तुषारशी बोलली नाही. मग एकदा आप्पा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती तिने पाहिली आणि म्हणाली, "नाव बरोबर आहे." पण वडिलांचं नाव घेऊन अरेतुरे करायला तिची जीभ वळेना. त्यामुळे आमच्या घरात सरड्याला अहोजाहो चालतं. आप्पा उठले का, आप्पा जेवले का, आप्पा, जरा उन्हाकडे सरका.

दुसरी अडचण म्हणजे आमचे घरमालक रमाकांतभाई. ते तळमजल्यावर राहतात आणि सोसायटीचे सेक्रेटरीही तेच आहेत. फ्लॅट देताना त्यांनी एकच अट घातली होती, घरात जनावर नको. मी मान हलवली आणि आप्पांची काचेची पेटी चादरीत गुंडाळून वर आणली. आतल्या खोलीत ती ठेवली, ऊब द्यायला वर दिवा लावला, पडदे ओढले. सगळं आखल्याप्रमाणे.

समोरच्या दारात कावेरीबेन राहतात. त्यांची बाल्कनी आमच्या बाल्कनीला इतकी चिकटलेली की त्यांच्या डाळीला फोडणी बसली की शिंक मला येते. आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी सुलभाला विचारलं, सिल्वासाच्या रीतीने अर्धं गुजराती, अर्धं मराठी, "ताई, घरमां वडील छे ने? आवाज येतो तुमचा, आप्पा, आप्पा."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. रमाकांतभाई नेमके तेव्हाच जिना चढून वर येत होते.

"आहेत," सुलभा म्हणाली. "आतच असतात. बाहेर नाही येत."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या दिवसापासून आप्पांसाठी कावेरीबेनच्या घरून वाटी येऊ लागली. कधी मऊ खिचडी, कधी डाळढोकळी, दात नसलेल्या माणसाला गिळता येईल अशी. ती मी खायचो. एवढी सुखाची बदली माझ्या नोकरीत पूर्वी झाली नव्हती.

आप्पांचा स्वतःचा आहार वेगळा. त्यांना रातकिडे लागतात, आणि तेही जिवंत. मोठ्या वयाच्या सरड्याने खरं तर पालेभाजी जास्त खायला हवी म्हणतात, पण तुषारने लाडावून ठेवलेलं. पाला समोर ठेवला की आप्पा त्याच्यावर पाय देऊन उभे राहतात. वापीला भावेश नावाच्या मुलाचं पाळीव प्राण्यांचं दुकान आहे. तो जाळीच्या डब्यात रातकिडे भरून मसाटला जाणाऱ्या एका कंपनीच्या बसमधून पाठवायचा आणि मी नाक्यावर उभा राहून तो डबा, घरचा डबा घ्यावा तसा, काखेत मारून आणायचो.

एके दिवशी डबा आला नाही. भावेशचा फोन आला. तो म्हणाला की माल नाही. ज्या फार्मवरून रातकिडे यायचे तिथे साथ आली होती. कसलासा व्हायरस. रातकिडे आधी सुस्त होतात, मग उलटे पडतात, पाय झाडतात आणि मरतात. माणसाला काही नाही, सरड्याला काही नाही, फक्त रातकिडे. त्याने दुसऱ्या फार्मला विचारलं, तिथेही तेच. सुरतेपासून मुंबईपर्यंत सरडे पाळणारे सगळे लोक एकमेकांना फोन करत होते.

रातकिड्यांचा तुटवडा ही गोष्ट माझ्या कल्पनेतच बसेना. आमच्या देवरुखच्या घरी रातकिड्यांमुळे बोललेलं ऐकू यायचं नाही. पण सिल्वासातल्या कारखान्यांच्या आवाजात बाहेरचा रातकिडा ऐकायचा कुठून आणि शोधायचा कुठे?

तेव्हा मी आखणी केली. रातकिडे घरीच वाढवायचे. भावेशने ओळखीतून निरोगी रातकिड्यांचा एक डबा मिळवून दिला. मी एक निळा ड्रम आणला. सिल्वासात प्रत्येक घरी पाण्यासाठी असा कंपनीतला निळा ड्रम असतोच, त्यामुळे संशयाला जागा नाही. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे केले, कोंडा टाकला, गाजराचे काप, ओला कापूस. वर मच्छरदाणीचा तुकडा. मागच्या बाल्कनीत ड्रम ठेवून मी सुलभाला सांगितलं की महिन्याभरात आपण भावेशला माल पुरवू. ती शाळेच्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

रातकिड्यांनी मात्र मनापासून साथ दिली. दिवे मालवले की ड्रम गायला लागायचा. असा की उशी डोक्यावर घेतली तरी आवाज उशीतून यायचा. मी सकाळी ऑफिसात डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलो. कावेरीबेननी विचारलं की रात्री तो कसला आवाज येतो. मला पटकन सुचलं ते मी सांगितलं, की मशीन आहे. त्यांनी आतल्या खोलीच्या बंद पडद्याकडे पाहिलं, हळूच मान हलवली, आणि म्हणाल्या की म्हातारपणी श्वासाचा त्रास फार वाईट.

इतकं थकल्यावर माणसाला खुलासे करायचं बळ राहत नाही.

मग एका संध्याकाळी घरी आलो तर बाल्कनीत शांतता. मच्छरदाणी उचलून पाहिली. सगळे रातकिडे उताणे. काही अजून पाय हलवत होते, जसं एखादं काम अर्धवट राहिलंय. मी तिथेच उभा राहून भावेशला फोन लावला.

"सगळे गेले, भावेश," मी म्हटलं. "कालपर्यंत खातपीत होते. उलटे पडले, पाय झाडले, संपलं. एकसुद्धा उरला नाही. आता आप्पांकडे कसं बघू मी?"

फोन ठेवून वळलो तर पलीकडे कावेरीबेन वाळत घातलेला टॉवेल हातात धरून उभ्या. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आल्या, सुलभाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "जे झालं ते वाईट झालं, ताई. पण आप्पांना आत्ता सांगू नका. त्यांना झेपणार नाही."

सुलभाला वाटलं, बाईला मशीन बंद पडल्याचं वाईट वाटलंय. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत लोक मला वाट देऊ लागले. लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं थांबायचं. वरच्या मजल्यावरचा वाल्मिक, चोपड्याकडचा, मसाटला सुताच्या कंपनीत सुपरवायझर आहे, तो एरवी मोठमोठ्याने बोलणारा. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसताच दाबला. मला वाटलं, माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून लोकांना दया येतेय. बरं वाटलं. खरं म्हणजे देवरुखचं आमचं अख्खं खानदान कसल्याशा साथीत दगावलं आणि म्हाताऱ्या बापापासून आम्ही ते लपवतोय, अशी बातमी तोवर तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोहोचली होती. हे मला फार उशिरा कळलं.

मी हिंमत सोडली नाही. भावेशकडून दुसरा डबा मागवला, कुठून तरी लांबून आला. त्याच ड्रममध्ये सोडला. तेही उताणे पडले. तेव्हा भावेशने विचारलं की काका, ड्रम धुतला होता ना? रोग ड्रममध्येच बसलेला असतो म्हणे, ट्रेमध्ये, जाळीत, सगळीकडे. ब्लीचने घासायला हवं.

ड्रम घासायचं काम सुलभाकडे गेलं, कारण माझी पाठ धरली होती. तिने दोन्ही बाल्कन्या, मोऱ्या, आतली खोली सगळं ब्लीचने धुऊन काढलं. त्या वासाने जिन्यात चढणाऱ्या माणसाला इस्पितळात आल्यासारखं वाटायचं. तिचे डोळे लाल झाले ते लालच राहिले. शाळेत मुख्याध्यापकांनी तिला घरी जाऊन आराम करायला सांगितलं. ती म्हणाली की घरी नको, शाळेतच बरं आहे.

आणि आप्पा जेवायचे थांबले. मी दुधीचा कीस दिला, लाल भोपळा दिला, कोथिंबीर दिली, पाला हातात धरून रातकिड्यासारखा उडवूनही दाखवला. साहेब रजेच्या अर्जाकडे बघतात तसं ते बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. तुषारचा रोज फोन. "बाबा, आप्पांनी खाल्लं?" मी म्हणायचो, चाललंय. आवाजावरून त्याला कळायचं. चेन्नईत एकटा पडलेला मुलगा, त्याने एक जीव माझ्या भरवशावर सोडला होता, आणि तो माझ्यासमोर रोज थोडा थोडा चपटा होत होता. पोटाजवळची कातडी सैल पडली, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसू लागली.

रविवारी आम्ही दुधनीला गेलो, नाकतोडे पकडायला. तिकडे मधुबन धरणाच्या पाण्याकाठी गवत भरपूर. जुन्या पडद्याची जाळी शिवून सुलभाने ती झाडूच्या दांड्याला बांधली होती. मी पुढे पळत गवत हलवायचो, ती मागून जाळी टाकायची. तासाभरात एक बरणी भरली, आणि मी एकदा शेणात बसलो. उठतोय तर समोर वाल्मिक. गळ घेऊन मासे धरायला आला होता.

त्याने गळ खाली ठेवला. "काय करताय, भाऊ?" त्याने विचारलं.

आता शेणात बसलेल्या माणसाला खोटं काय सुचणार? मी म्हटलं, "आप्पांना लागतात. जिवंत."

वाल्मिकने बरणीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून एकेक विचार जाताना दिसत होता. शेवटी तो म्हणाला की त्यांच्या गावीही एक म्हातारा वैद्य असलंच काहीतरी द्यायचा, दम्यावर. आणि स्वतःहून तीन-चार नाकतोडे पकडून बरणीत टाकले. "आप्पांले आराम पडो," असं म्हणून तो पाण्याकडे गेला.

घरी येऊन तुषारला बरणीचा फोटो पाठवला, शाबासकीच्या आशेने. त्याचा लगेच फोन आला. शेताच्या कडेचे किडे द्यायचे नाहीत, त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असतं, आप्पा मरतील. बरणी घेऊन मी पुन्हा खाली उतरलो आणि नाकतोडे बागेत सोडले. त्यांनी रमाकांतभाईंच्या शेवंतीवर मुक्काम ठोकला. मी न पाहिल्यासारखं केलं.

मग भावेशने शेवटचा उपाय सांगितला. परदेशी झुरळं मिळतात, त्यांना ही साथ लागत नाही, सरडे आवडीने खातात. स्वच्छ असतात, घरातल्या झुरळांसारखी नसतात. मी हे सुलभाला शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," ती म्हणाली. "आजवर मी चप्पल घेऊन झुरळांच्या मागे धावले. आता ती विकत आणून, गाजर घालून वाढवू? तुम्ही झुरळं आणा. मी देवरुखला जाते. मग तुम्ही, आप्पा आणि झुरळं, तिघं सुखाने राहा."

झुरळांचा विषय तिथेच संपला.

बुधवारी आप्पांनी मान उचलली नाही. दिव्याखाली पडून होते, डोळे अर्धे उघडे. मी हात लावला तर दाढीसुद्धा फुगवली नाही. माझ्यावर न रागावलेले आप्पा मी प्रथमच पाहिले. सुलभाने शाळेत फोन करून सांगितलं, आप्पांना डॉक्टरकडे न्यायचंय. मी ऑफिसात तेच सांगितलं. साहेबांनी गाडी देऊ का विचारलं. मी नको म्हटलं, आणि आप्पांना मिठाईच्या चौकोनी खोक्यात फडक्यावर ठेवून, झाकणाला भोकं पाडून, आम्ही रिक्षाने वापीला निघालो. सुलभाने खोकं मांडीवर घेतलं होतं. नरोलीच्या पुढे खड्डे लागले तेव्हा ती रिक्षावाल्याला म्हणाली, "दादा, हळू. आत आमचे आप्पा आहेत." त्याने आरशातून खोक्याकडे पाहिलं आणि उरलेला रस्ता चालत्या माणसाच्या वेगाने गाडी नेली.

वापीच्या डॉक्टरांनी आप्पांना उलटंसुलटं करून पाहिलं, पाण्याचं इंजेक्शन दिलं, आणि आजार काही नाही असं सांगितलं. अशक्तपणा आहे, आणि हट्ट आहे. रातकिडे मिळेपर्यंत पाल्यावर यायलाच हवं. घरी नेऊन खोक्यातच शांत ठेवा, आवाज करू नका, समोर काहीतरी रंगीत खायला ठेवा. मनात आलं तर खातील. आणि मनात नाही आलं तर, असं सुलभाने विचारलं. डॉक्टर हात धूत होते. ते म्हणाले, दोन दिवसांनी पुन्हा आणा.

परत आलो तेव्हा आमच्यात बोलायचं त्राण नव्हतं. दिवसभर पोटात काही नाही, कपडे चुरगळलेले, सुलभाचे डोळे ब्लीचने आणि आता रडण्याने लाल. लिफ्टच्या दारात कावेरीबेन उभ्या होत्या. त्यांनी आमच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"आप्पा?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही हातांनी धरलेलं खोकं जरासं उचललं. "यात आहेत," मी म्हटलं. "कृपा करून आवाज नको. त्यांना आता शांतता हवीय."

कावेरीबेनचा चेहरा पडला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, खोक्यासमोर हात जोडले, आणि तोंडाला पदर लावून जिन्याने निघून गेल्या. मला इतकंच वाटलं की बाई भारी हळव्या आहेत. सरडा असल्याचं त्यांना कळलं तरी त्यांनी नमस्कार केला, असं मी सुलभाला कौतुकाने सांगितलंही.

खोकं बैठकीतल्या टेबलावर ठेवलं, कारण आतल्या खोलीत ब्लीचचा वास होता. झाकण थोडं सैल केलं. तासभर आडवे झालो, मग सुलभाने चहा टाकला. तोवर बेल वाजली.

दारात रमाकांतभाई. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, हातात झेंडूचा हार. मागे वाल्मिक, डोक्याला रुमाल बांधलेला. मागे कावेरीबेन, आणि त्यांच्या मागे जिन्यापर्यंत सोसायटी. सगळे पांढऱ्या कपड्यांत, चपला आधीच काढलेल्या. आत आले, सतरंजी नव्हती म्हणून फरशीवर बसले.

मी सुलभाकडे पाहिलं. तिच्या हातात चहाची गाळणी होती. आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला.

"साळवीसाहेब," रमाकांतभाई खालच्या आवाजात म्हणाले, "गावाकडचे सगळे गेले, आता वडील पण. एका माणसाने किती सोसायचं? आणि तुम्ही आम्हाला कळवलं पण नाही. खांदा द्यायला आलो असतो."

त्यांनी हार खोक्याला घातला. वाल्मिकने उदबत्ती लावली. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण घरमालक समोर बसलेला, बदली नवी, आणि कुठून सुरुवात करायची? ड्रमपासून? नाकतोड्यांपासून? तेवढ्यात कावेरीबेन पुढे आल्या. त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतली लालभडक जास्वंद त्यांनी ओंजळीत आणली होती. ती त्यांनी खोक्याच्या सैल झाकणावर ठेवली, डोळे मिटले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणू लागल्या.

झाकण हललं.

प्रथम कोणाला दिसलं नाही. मग फट मोठी झाली, एक खवल्यांचं डोकं वर आलं, एक डोळा खोलीभर फिरला. जिभेचा फटकारा बसला आणि जास्वंदीची एक पाकळी आत गेली. मग दुसरी. मग अख्खं फूल ओढून घेऊन आप्पा दाढीवर पाकळ्या चिकटवत चघळू लागले.

वाल्मिकच्या हातातली उदबत्ती खाली पडली. मागच्या रांगेतले काहीजण जिन्यात पोहोचलेसुद्धा.

"खाल्लं," सुलभा म्हणाली. गाळणी तशीच हातात. "अहो, खाल्लं त्यांनी." आणि ती सगळ्यांच्या देखत रडायला लागली.

मग मी सांगितलं. सगळं, उभ्याउभ्या, सरळ. सरडा, सासरे, रातकिडे, साथ, ड्रम, मशीन. मधेच वाल्मिक हसू लागला, तोंडावर रुमाल दाबून, खांदे हलत होते. आणखी कोणीकोणी हसलं. रमाकांतभाई हसले नाहीत. कावेरीबेनही नाहीत. त्या फरशीवर बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या.

"मी रोज दिवा लावला," त्या म्हणाल्या. "देवासमोर. आप्पांचं नाव घेऊन."

मी खाली पडलेली उदबत्ती उचलून विझवली.

त्या पुढे म्हणाल्या की त्यांचे वडील नवसारीला भावाकडे अंथरुणाला खिळून आहेत. भावजयीशी पटत नाही म्हणून जाता येत नाही. इथे भिंतीपलीकडे कोणी म्हातारं माणूस आहे, त्याला आपल्या हातचं मऊ अन्न जातंय, एवढंच त्यांना बरं वाटत होतं. "ते सगळं कोणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

सुलभाने माझ्याकडे बोट केलं. अशा वेळी बायको नवऱ्याच्या बाजूने उभी राहते असं म्हणतात. आमच्याकडे तसं काही नाही.

कावेरीबेन उठून गेल्या. त्यांचं दार लागलं ते आम्ही ऐकलं. लोक पांगले. रमाकांतभाई मागे थांबले. मी म्हटलं की महिनाअखेरीस घर रिकामं करतो. मग त्यांनी मोबाईल काढून दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी आप्पांना श्रद्धांजली लिहिली होती, चांगली लांबलचक. शांत, मनमिळाऊ, सर्वांना हवेहवेसे, असं सगळं. खाली हात जोडलेल्यांची रांग. बिल्डरने हात जोडले होते. रमाकांतभाईंच्या व्याह्यांनी जोडले होते.

"मी आता काय लिहू?" ते म्हणाले. "सरडा होता म्हणून? ग्रुपवर आप्पा वारलेत, साळवीसाहेब. ते वारलेलेच राहतील. आणि हा जो कोणी आहे, तो खिडकीत दिसता कामा नये." हार मात्र त्यांनी परत नेला.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही समोरच्या दारासमोरून चोरासारखे गेलो. जास्वंद कुठून आणायची हा प्रश्न होताच. बाजारातल्या फुलांवर फवारणी, आणि कावेरीबेनची कुंडी मागायला तोंड नव्हतं. मी दुधीचा कीस ठेवला, आप्पा त्याच्यावर पाय देऊन उभे राहिले. तिसऱ्या सकाळी बेल वाजली. कावेरीबेन होत्या. हातात वाटी, वाटीत तीन जास्वंदी. माझ्याकडे न बघता त्या सरळ आत गेल्या, आतल्या खोलीत, पेटीसमोर खाली बसल्या.

"आप्पा, जमी लो," त्या म्हणाल्या.

आणि आप्पा जेवले. त्यांच्या हातून, दाढी न फुगवता.

पुढे साथ ओसरली. भावेशचा डबा पुन्हा येऊ लागला, मी पुन्हा नाक्यावर उभा राहू लागलो. आप्पा रातकिडेही खातात आणि फुलंही खातात, शेपटी भरलीय, रंग चढलाय. कावेरीबेन मध्ये भावजयीला न विचारता नवसारीला जाऊन आल्या आणि चार दिवस राहिल्या. त्या चार दिवसांत आप्पांनी मला तीनदा चावण्याचा प्रयत्न केला. तुषारचा रोज फोन येतो. आप्पांची तब्येत, आप्पांचं वजन, आप्पांचा मूड, सगळं विचारतो. मग म्हणतो, बरं ठेवतो.

परवा मला सणकून ताप आला. ऑफिसात रजा टाकून गोधडीत पडलो होतो, सुलभा शाळेत. बेल वाजली. कसाबसा उठून दार उघडलं तर कावेरीबेन, हातात झाकलेली वाटी. मला गहिवरून आलं. म्हटलं, "कशाला त्रास घेतलात? दुपारपर्यंत उतरेल ताप."

"हो, तुम्ही पडा," त्या माझ्या बाजूने आत जात म्हणाल्या. "आप्पांना भोपळ्याची फुलं आणलीत."